झाकणाला हात लावायचा नाही

ती घड्याळ उजव्या हातात बांधते, तेही कोपराकडे सरकवून, कारण मनगटं दिवसभर पाण्यात असतात. बोट दाखवून कधी बोलत नाही. काही दाखवायचं तर अख्खा तळवा पुढे करते. रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं की थांबते आणि कुठलं हाड, किती जुनं, ते स्वतःशी पुटपुटते. तिच्या नखांच्या कडेला एक पांढरी रेघ आहे, ती साबणाने जात नाही. चहा कोमट झाल्याशिवाय तोंडाला लावत नाही. बसमध्ये शेजारचा माणूस चुळबुळ करायला लागला तर त्याला ‘हलू नका’ म्हणते आणि मग खिडकीबाहेर बघत बसते. रागावली की तिचा आवाज खाली येतो. घरच्यांना हे ठाऊक आहे. ती हळू बोलू लागली की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

ती हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. तिथे सगळे तिला प्लास्टरबाई म्हणतात. डॉक्टर हाड बसवतात आणि पुढच्या खोलीत निघून जातात. मागे उरते ती, एक कण्हणारा माणूस आणि कोमट पाण्याची बादली. पट्टी पाण्यात सोडायची. बुडबुडे थांबले की काढायची. दोन्ही टोकांकडून हलकेच दाबायची, पिळायची नाही. गुंडाळायची, पण ओढून नाही. आणि वरून तळवा फिरवत राहायचं, बोटं नाही. ओल्या प्लास्टरमध्ये बोट रुतलं की आतून उंचवटा होतो आणि तो पुढे कातडीला टोचत राहतो. एवढं झालं की खरं काम सुरू होतं. ते म्हणजे, आता काहीही करायचं नाही, हे माणसाच्या गळी उतरवणं.

“वाळू दे. हात लावू नका. खाजलं तर खाजू दे.”

“हो हो,” सगळे म्हणतात.

आठवड्याने तेच लोक परत येतात. कुणी आत विणकामाची सुई घातलेली असते, कुणी फुटपट्टी. एका गृहस्थाने जेवणाचा काटा घातला होता आणि तो आतच राहिला होता. “एकदाच घातला हो बाई,” तो म्हणाला. हे वाक्य तिने इतक्या जणांकडून ऐकलं आहे की माणसाच्या जातीवर तिचा फारसा विश्वास उरलेला नाही. प्रत्येकाने एकदाच केलेलं असतं.

दवाखान्यात हे ऐकून घेणं तिच्या कामाचा भाग आहे. घरी तेच बिनपगारी ऐकावं लागतं.

घरी स्लो कुकर आहे. लेकीने आणून दिलेला. लेक दूरच्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत आहे आणि सुट्टी मागताना तिथे लोकांचे आवाज बारीक होतात. “आई, सकाळी सगळं आत टाकायचं, बटण फिरवायचं आणि विसरून जायचं,” ती म्हणाली होती. “संध्याकाळी तू येशील तेव्हा जेवण तयार.” आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एक बटण. प्लास्टरबाईला ते पहिल्याच दिवशी आवडलं. आधी नीट रचायचं आणि मग हात काढून घ्यायचा, हे तिला नवीन नव्हतं.

त्याच्या रीतीभातीही तिने लवकर ओळखल्या. गाजरं, बटाटे, अख्खे कांदे तळाशी, कारण त्यांना मटणापेक्षा जास्त वेळ लागतो. मटण आधी तव्यावर लालसर परतून मग वर. मिरी दाणेच, पूड नाही. पाणी बेताचं, कारण वाफ कुठे जात नाही, आतल्या आत फिरत राहते. आणि सगळ्यात शेवटची, सगळ्यात सोपी रीत: झाकण उघडायचं नाही. उघडलं की साठलेली ऊब भसकन निघून जाते. ती परत भरायला चांगला अर्धा तास जातो.

ही एक रीत सोडून बाकी सगळं तिच्या सासरच्या माणसांना पटलं.

शिजेपर्यंत दम निघतो, निवेपर्यंत निघत नाही, अशी एक म्हण आहे. म्हण करणाऱ्याने ही माणसं पाहिलेली नव्हती.

नवऱ्यापासून सुरुवात. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर दुसऱ्याच्या हातात चाक देऊन शेजारी बसतो, स्वतःच्या पायाखाली एक जादा ब्रेक ठेवून. त्याच्यासारखा शांत मास्तर नाही, असं त्याचे विद्यार्थी सांगतात. ते खरं असावं. त्याची सगळी शांती तिकडेच खर्च होते. दुपारी घरी जेवायला आला की तो प्रत्येक गोष्ट हाताळून बघतो. बंद खिडकी बंद आहे का ते बघतो. नळ पुन्हा आवळतो. आणि ओट्यावर कुकर दिसला की झाकण उचलतो.

संध्याकाळी ती दवाखान्यातून येते, भोपळ्याचा तुकडा दाबून बघते, तो कच्चा लागतो.

“झाकण कोणी उघडलं?”

“कोणी उघडलं?”

“मी तेच विचारतेय. घरात आपण दोघंच आहोत.”

“मी मीठ बघितलं.”

“मीठ मी सकाळी घालून गेले होते.”

“म्हणूनच बघितलं.”

“अहो, भोपळ्याला काय कळणार तुम्ही का उघडलंत ते?”

“एकदाच तर उघडलं.”

तिचा आवाज खाली येतो. त्याला पंक्चर काढायला गेलेली गाडी आठवते.

हे रोजचं. रोजचं माणूस गिळून टाकतं. प्रश्न होता वर्षाच्या जेवणाचा.

वर्ष सरताना सगळं कुटुंब एकदा एकत्र जेवतं. पूर्वी ते सासूबाईंच्या घरी असे. त्यांचे गुडघे गेले, त्या धाकट्या मुलाकडे राहायला गेल्या, आणि जेवण थोरल्या सुनेकडे आलं. सासूबाई, दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, नणंद, नणंदेचा नवरा. लेक त्या जेवणासाठी म्हणून येते. एका जेवणासाठी पण तीन दिवस आधी येते. आदल्या रात्री मायलेकी ओट्यावर समोरासमोर बसून कांदे सोलतात आणि डोळे पुसत पुसत वर्षभराचं सगळं बोलतात. फोनवर जे निघत नाही ते तेव्हा निघतं. मागे लेकीने एका मुलाबद्दल सांगितलं ते कांदा सोलताना, आणि तो विषय संपला हेही पुढच्या वर्षी कांदा सोलतानाच.

प्लास्टरबाईचं वर्ष या तीन दिवसांवर उभं असतं. ती असं बोलून दाखवत नाही. पण कॅलेंडर आलं की आधी ते पान उघडते.

मागच्या वर्षी जेवणाचा पार विचका झाला. मंडळी सातलाच आली. सातला आलेल्या माणसांना करायला काही नव्हतं. आणि त्या काचेच्या झाकणाचा एक दोष आहे. आतून वाफ धरते, त्यामुळे दिसत काही नाही. दिसत नाही म्हटल्यावर बघावंसं वाटतं.

दिराने वास घ्यायला उघडलं. नणंदेने “तळाला लागतंय गं वहिनी” म्हणत एकदा ढवळलं. स्लो कुकरला तळाला काही लागत नाही, पण नणंद शाळेत शिकवते आणि तिला माहीत नाही असं काही नसतं. तिच्या नवऱ्याने बायकोने नीट ढवळलं का ते बघितलं. सासूबाईंनी दोन्ही गुडघ्यांना दोष देत देत स्वयंपाकघर गाठलं आणि “काय करतेय ही बया एवढं” म्हणून उघडलं. मुलांनी मोजायला उघडलं, कुणाच्या वाट्याला किती येणार ते. लेक खरं तर राखणीला उभी होती. तिने फोटो काढायला उघडलं.

नवरा दोनदा गेला. तो एकदाच म्हणतो.

दहा वाजता मटण रबरासारखं होतं. मुलं सोफ्यावर आडवी झाली होती. सासूबाई पावाचा कोरडा तुकडा चघळत होत्या आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा चघळत होत्या. प्लास्टरबाई ओट्याशी उभी होती. तिला रडू येत नव्हतं. सगळ्यांना एका रांगेत बसवून गळ्यापर्यंत प्लास्टर घालावं, असं मात्र वाटत होतं.

तेव्हा जाऊ बोलली. जाऊ बसडेपोत वेळापत्रक लावते. तिच्या गाड्या वेळेवर सुटतात, त्यामुळे ती उशिराकडे आजाराकडे बघावं तशी बघते.

“ताई, राग मानू नका. पुढच्या वर्षी हॉटेलात जाऊ. आठला बसायचं, दहाला उठायचं. तुम्हालाही आराम.”

“मला आराम नकोय.”

“आम्हाला जेवण हवंय ना पण.”

कुणी हसलं नाही, हेच वाईट होतं. दीर पायाकडे बघत म्हणाला, “वहिनी, ती म्हणतेय त्यात काही चूक नाही.”

लेक पटकन म्हणाली, “हॉटेलात असेल तर मला थेट तिकडेच येता येईल. सुट्टी पण वाचेल.” तिने ते सहज म्हटलं. सोय म्हणून म्हटलं. प्लास्टरबाईच्या पोटात मात्र कुणीतरी झाकण उघडल्यासारखी ऊब भसकन निघून गेली.

ती तळवा पुढे करून म्हणाली, “अजून एक वर्ष. आठ म्हणजे आठ. आठला वाढलेलं नसेल तर पुढे कायमचं हॉटेल. मी चकार शब्द काढणार नाही.”

“आठ म्हणजे डेपोचे आठ,” जाऊ म्हणाली.

“डेपोचे.”

मग वर्ष गेलं.

जेवणाच्या दिवशी सकाळी तिने भांडं भरलं. कांदे, गाजरं, बटाटे, मटण, मिरी, पाणी. झाकण ठेवलं. बटण मंदवर फिरवलं. मग पिशवीतून तिने कापसाची पट्टी आणि प्लास्टरच्या तीन गुंडाळ्या काढल्या. मुदत संपून दवाखान्याने बाजूला टाकलेल्या, सिस्टरना विचारून आणलेल्या.

लेक ओट्याला टेकून चहा पीत होती. तिने कप खाली ठेवला.

“आई, काय करतेयस?”

“झाकण मोडलंय असं समज.”

आधी झाकणाच्या कडेभोवती कापूस, म्हणजे काचेला चिकटू नये. मग बादलीत पट्टी. बुडबुडे. दोन्ही टोकांकडून दाब. झाकण आणि भांडं जिथे भेटतात तिथून गोल गोल, अर्धी पट्टी आधीच्या अर्ध्यावर चढवत. मग तळवे. काचेला वाफेसाठी बारीक भोक होतंच, ते तिने मोकळं ठेवलं. पाच मिनिटांत प्लास्टर आपसूक गरम झालं, जसं नेहमी होतं, आणि मग आवळून बसलं.

नवरा दाढीचा साबण गालावर घेऊन आला. बराच वेळ बघत उभा राहिला.

“हे कधी काढायचं?”

“हाड जुळलं की.”

“अगं, पण मीठ?”

“मीठ आहे.”

“समजा नसेल.”

“तर आठ वाजता कळेल. सगळ्यांना एकदमच कळेल.”

“मला आधी कळलं असतं तर,” तो म्हणाला. तो साबण पुसायला गेला.

दिवसभर तो त्या भांड्याभोवती घोटाळत होता. काचेवर नखाने टकटक केली. टॉर्च लावून बघितलं, धुकं दिसलं. भोकाला नाक लावून ते पोळून घेतलं. लेकीने त्याला खुर्चीत बसवून नाकाला मलम लावलं आणि हसू आवरायला बाहेर गेली. दुपारी तो बाल्कनीत येरझारा घालत फोनवर बोलत होता. एक फोन झाला, दुसरा लावला. प्लास्टरबाई आतून बघत होती. एखादी शिकाऊ पोरगी चौकात अडकली असेल, असं तिला वाटलं.

आठ वाजायच्या बऱ्याच आधी तिने प्लास्टर कापायची कात्री आणली. बोथट टोक आत सारलं आणि प्लास्टर एका रेषेत कापत नेलं. दोन्ही हातांनी फाकवलं. कवच अख्खं निघालं, एखाद्या जाड बांगडीसारखं. मग तिने झाकण उचललं.

वाफ छतापर्यंत गेली. तिने चमच्याची पाठ मटणावर ठेवली. दाबली नाही, नुसती ठेवली. मटण हाडावरून आपणहून सरकलं.

लेकीने मागून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. “आई.”

“हं.”

“झालं गं.”

“हं.”

टेबल मांडलेलं होतं. पाव कापून फडक्याखाली. भांडं मध्ये आलं. आठला पाच कमी होते. प्लास्टरबाईने हात पुसले, पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून बसली. दारावरची घंटा वाजली नाही. मागच्या वर्षी सातला आलेली माणसं. तिने बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाकडे बघितलं, मग आपल्या हातातल्या. दोन्ही एकच सांगत होती.

आठ वाजले.

“ट्रॅफिक असेल,” लेक म्हणाली.

नवरा पाठ करून उभा होता. तो पावावरचं फडकं सरळ करत होता. ते सरळच होतं.

तिने त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात माणसाचं पाठमोरं मौनही वाचता येतं.

“तुम्ही काय केलंत?”

“मी? काही नाही.”

“अहो.”

“मी फक्त त्यांना साडेनऊला या म्हटलं.”

भांड्यातली बटाट्याची एक फोड आपसूक खाली बसली.

“हे बघ,” तो म्हणाला, “मी विचार केला. आठला इथे कोणी नसेलच, तर उशीर झाला असं म्हणणार कोण? साडेनऊपर्यंत केव्हाही होऊ दे, आपलं आपल्याला. तुझं हॉटेल टळलं. आणि भुकेने कासावीस व्हायला नकोत म्हणून सांगितलं, थोडं खाऊन निघा.”

“खाऊन.”

“थोडं.”

“जेवायला येताना.”

“मी तुझ्या बाजूनेच होतो,” तो म्हणाला. ते खरं होतं, आणि तेच असह्य होतं. शत्रूला निदान उलट बोलता येतं.

“म्हणजे होणार नाही, असंच तुम्ही धरलंत.” तिचा आवाज इतका खाली आला की त्याला ऐकायला वाकावं लागलं. “डोळ्यांदेखत प्लास्टर घातलं मी. तरी.”

“प्लास्टर बघूनच मला काळजी वाटली.”

लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले. हसू की काय ते कळायला मार्ग नव्हता. प्लास्टरबाई भांड्याकडे बघत राहिली. आठला जेवण तयार होतं, वर वाफ होती, मटण हाडावरून सुटलेलं होतं, आणि हे पाहिलेल्या दोघांचीही साक्ष जाऊपुढे टिकणारी नव्हती. नवरा म्हणणार, आठला झालं होतं. जाऊ म्हणणार, भावोजी, तुम्हीच तर साडेनऊला बोलावलंत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. इथे कुत्रं घरचंच होतं आणि वर शेपूट हलवत उभं होतं.

तेवढ्यात घंटा वाजली.

दारात जाऊ होती. एकटी. डेपोचाच कोट अंगावर, हातात पर्स, आणि मनगट आधीच वर धरलेलं.

“आठ वाजून दोन,” ती म्हणाली. “जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या, त्यांना टाळता आलं नाही. नाहीतर बरोबर आठ.”

“तुला साडेनऊ नाही का सांगितलं?” नवऱ्याने विचारलं.

“सांगितलं ना. भावोजी, ठरले होते आठ. ठरवलेली गाडी कोणी फोन केला म्हणून बदलत नाही मी.” ती आत आली. “बाकीचे घरी बसून भजी खातायत. मी म्हटलं, खा. मी बघून येते. झालं नसणारच, आणि मग आज सोक्षमोक्ष.”

ती टेबलापाशी थांबली.

तिने भांड्यात बघितलं. मग बाजूला पडलेलं प्लास्टरचं कवच उचललं, उलटंसुलटं केलं, त्यावर पेनाने घातलेली तारीख वाचली. दवाखान्यात प्रत्येक प्लास्टरवर घालतात तशी घातली होती, सवयीने.

“हे काय आहे, ताई?”

“तुमच्या सगळ्यांवरचा उपाय.”

जाऊ खुर्ची ओढून बसली. कोट काढला नाही. “वाढा,” म्हणाली.

प्लास्टरबाईने तिला वाढलं. मग लेकीला. मग स्वतःला. नवऱ्याचं ताट रिकामं होतं, ते त्याने जरासं पुढे सरकवलं, मग परत मागे घेतलं.

जाऊने पहिला घास घेतला आणि चावताना घड्याळ बघायची विसरली. गाजर जिभेवरच विरघळलं. मिरीचा दाणा दाताखाली आला तेव्हा तिने डोळे मिटले. अर्धं ताट संपल्यावर बोलली.

“मागच्या वर्षी असं का नव्हतं झालं?”

“मागच्या वर्षी तू किती वेळा झाकण उघडलंस?”

जाऊने पावाचा तुकडा मोडला. खोटं बोलणं तिला जमत नाही, धंद्यात त्याचा उपयोग नाही. “एकदाच,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही मुलांना पांघरूण घालायला गेला होतात तेव्हा.”

“तूही होतीस का त्यात?” प्लास्टरबाई म्हणाली. “मला वाटलं एक तू तरी.”

“एकदाच पण.”

लेकीला ठसका लागला. तिला पाणी दिलं.

“साक्ष मी देईन,” जाऊ म्हणाली. “आठ वाजून दोन मिनिटांनी गरम जेवले. हॉटेल रद्द. पण ताई, एक सांगते. मी हॉटेल म्हणत होते ते खरंच तुमच्यासाठी पण होतं. तुमचा चेहरा बघवत नाही त्या दिवशी.”

“माझा चेहरा तुमच्यामुळे होतो तसा.”

“ते आहेच.”

नवऱ्याने घसा साफ केला. “मग मी वाढून घेऊ का?”

“तुम्ही साडेनऊला जेवा,” दोघी एकदम म्हणाल्या, आणि जाऊने त्याचं ताट पालथं घातलं.

मंडळी साडेनऊला आली. सगळ्यांच्या बोटांना तेल होतं आणि चेहऱ्यावर तृप्ती. भुकेलेली माणसं जिना चढतात तशी ती चढली नव्हती. दिराने दारातच विचारलं, “काय वहिनी, किती वेळ अजून?” सासूबाई नातवाच्या खांद्यावर भार टाकत आत आल्या. “मी म्हणत होते आठ म्हणजे आठ, पण माझं ऐकतं कोण,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठाला भज्याचा कण होता. नणंद थेट टेबलाशी गेली आणि तिने झाकण उचललं.

सगळे थबकले.

“बघितलं एकदा,” नणंद म्हणाली.

जाऊ उठून उभी राहिली. डेपोत कर्मचाऱ्यांपुढे उभी राहते तशी. “ऐका सगळ्यांनी. जेवण आठला तयार होतं. मी जेवले. पुढच्या वर्षी जेवण इथेच. हॉटेलचा विषय संपला. आणि ज्याला घरून खाऊन यायचं त्याने खुशाल घरीच राहावं.”

दीर म्हणाला, “अगं, तूच तर म्हणत होतीस...”

“म्हणत होते. आता नाही म्हणत.”

प्लास्टरबाई पळी घेऊन उभी राहिली. जिंकल्यासारखं तिला वाटायला हवं होतं. थोडं वाटतही होतं. पुढच्या वर्षी तीन दिवस आहेत, त्याच्या पुढच्या वर्षीही आहेत, एवढं तिने मनातल्या मनात जागेवर ठेवलं आणि पहिलं ताट घेतलं.

“मला थोडंच हं,” सासूबाई म्हणाल्या.

तिने थोडं वाढलं.

“वहिनी, मला नुसता रस्सा. पोट गच्च आहे.”

तिने नुसता रस्सा वाढला.

“मला मटणाचा एकच तुकडा, बघू कसा झालाय,” नणंदेचा नवरा म्हणाला. “आवडला तर घेईन.”

तिने एकच तुकडा वाढला. मुलांपैकी एकाने ताटावर हात आडवा धरला, “मला नको.” दुसऱ्याने विचारलं, आइस्क्रीम आहे का. दीर ताट पुढे करून म्हणाला, “मला बटाटा फक्त. आणि वहिनी, मीठ बघितलंत ना?”

पळी बटाट्यावर होती. तिने बटाटा ताटात ठेवला. मग पुढचं काही केलं नाही. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, “मी आता वाढून घेऊ का?”

लेकीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

प्लास्टरबाईने पळी भांड्यात उभी केली. “चल,” ती लेकीला म्हणाली.

“कुठे?”

“खाली. कोपऱ्यापर्यंत. तू ते घराचं काय सांगत होतीस काल, बदलायचं म्हणून, ते अर्धंच राहिलं.”

“आणि हे?”

तिने चपला घातल्या. शाल घेतली. सासूबाईंनी विचारलं, “अगं, निघालीस कुठे वाढता वाढता?” नणंदेला वाटलं, पाव संपले असतील. जाऊला समजलं असावं. तिने दार धरलं, आणि कुणाकडेही न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. पळीला तिनेही हात लावला नाही.

जिन्यात मायलेकींची पावलं खाली जाताना ऐकू आली. लेक काहीतरी बोलत होती, आई मध्येच “मग?” म्हणत होती. वर टेबलाभोवती सगळे भरल्या पोटाने बसले होते आणि कोणी उठत नव्हतं. दिराच्या हातात ताट होतं, त्यात एक बटाटा. रस्सा घालायचा राहिला होता. त्याच्या पलीकडे दोन ताटं कोरडी होती आणि त्यांच्याही पलीकडे नवऱ्याचं, पालथं.